हळूबाईचा पाय

सोमवारी सकाळी नऊला पाच कमी असताना हॉस्पिटलची पांढरी गाडी माझ्या फाटकाशी आली आणि थांबता थांबता तिने असा हिसका दिला की पुढच्या सीटवर बसलेल्या साहेबांच्या मांडीवरचे कागद खाली गेले. मी फाटकात काठी टेकून उभी होते. आठ महिने झाले, आठवड्यातून तीनदा मी या गाडीतून खुब्याच्या व्यायामाला जाते. ही गाडी थांबली हे एरवी दार उघडल्यावरच कळतं. हिसका द्यायचा कसा हे तिला ठाऊकच नव्हतं.

गाडी चालवणारी हळूबाई खाली उतरली. दार सरकवायच्या आधी माझ्याजवळ आली आणि हलक्या आवाजात म्हणाली, "काकू, आज बसू नका."

"का?"

"गाडी मला ओळखत नाही."

"बाई, दहा मिनिटं झाली," साहेब आतून म्हणाले.

पंचेचाळीसातली दहा. आज तिची परीक्षा होती: हॉस्पिटलच्या दारातून निघायचं, मला घ्यायचं, टेकाडावरच्या वस्तीतून मानेचं ऑपरेशन झालेल्या एका गृहस्थांना घ्यायचं आणि पंचेचाळीस मिनिटांत परत दारात. जमलं तर गाडी हळूबाईकडे राहणार होती. नाही जमलं तर मंगळवारपासून तिने पुन्हा लॉन्ड्रीत जायचं, जिथून ती सहा वर्षांपूर्वी सुटली होती.

मी बसले. बसू नका म्हटलं की बसायची खोड मला लहानपणापासून आहे. शिवाय तिच्या चेहऱ्यावर जे दिसलं ते बघून घरात जाऊन पेपर वाचत बसणं मला जमलं नसतं.

तिला हळूबाई हे नाव रुग्णांनी दिलं, आणि सुरुवातीला काही कौतुकाने दिलं नव्हतं. "आली का हळूबाई? मग दुपारपर्यंत पोचू," असं चालायचं. नंतर एकेकाची ऑपरेशनं झाली, एकेकाला टाके पडले, आणि बोलणाऱ्यांचा सूर बदलला. नाव मात्र राहिलं. तीही त्याच नावाने फोन उचलते.

बाई एक्कावन्न वर्षांची. त्यातली बारा वर्षं हॉस्पिटलच्या लॉन्ड्रीत गेली. तळघरातली खोली, भिंतींना कायम घाम, आणि यंत्रातून ओल्या चादरींचे पिळे ओढून काढायचे. पाणी प्यायलेली चादर किती जड असते ते उचलल्याशिवाय समजत नाही. तिची दोन्ही मनगटं त्यातच कामातून गेली. अजूनही ती डबा उघडताना झाकण माझ्यापुढे करते आणि म्हणते, "काकू, तुम्ही जिंकलात, उघडा."

नवरा बसचा ड्रायव्हर. चाळिशीत त्याच्या डोळ्यांचे पडदे खराब होत गेले आणि एका तपासणीत परवाना गेला. उजेड आणि सावली, एवढंच त्याला उरलं. घरी बसून भिंती चाचपण्यापेक्षा त्याने बायकोला गाडी शिकवायची ठरवली. धाकट्या भावाचं गॅरेज होतं, त्याच्या मागच्या मोकळ्या जागेत एक जुनी गाडी होती. तो शेजारी बसायचा आणि म्हणायचा, "मला दिसत नाही, ते सोड. मला कळता कामा नये तू गिअर कधी बदललास." कळलं की म्हणायचा, "पुन्हा." आठ महिने पुन्हा. "सासूबाईंनी इतकं छळलं नव्हतं," असं ती मला सांगते, पण सांगताना हसते.

परवाना मिळाला तेव्हा हॉस्पिटलात रुग्णांची ने-आण करणारी नवी गाडी आली होती आणि ती कोणाला नको होती. डॉक्टरांच्या गाड्या चालवायला ड्रायव्हरांची भांडणं व्हायची. रुग्णांची गाडी म्हणजे ओकाऱ्या, चाकांच्या खुर्च्या आणि सबंध रस्ताभर कण्हणं. हळूबाईने अर्ज केला. ड्रायव्हर लोक खूप हसले. एकजण म्हणाला, "चादरी वाळत घालायला गच्चीवर नेणार वाटतं गाडी." गाडी तिला मिळाली.

आता इंजिनाबद्दल थोडं सांगते. ज्यांना माहीत आहे त्यांनी पुढे जावं. हल्लीच्या गाडीत एक वहीएवढा चपटा डबा असतो, तो इंजिनाचा संगणक. ॲक्सिलरेटर किती दाबला, किती झटकन दाबला, हवा किती आत आली, इंधन किती लागलं, हे तो क्षणाक्षणाला बघतो आणि त्यातून शिकतो. गिअर आपोआप बदलणारी गाडी असेल तर आणखी एक काम. एक गिअर सुटून दुसरा धरताना आत तेलाचा दाब किती ठेवला म्हणजे धक्का बसणार नाही, हेही त्याला चुकत चुकत शिकावं लागतं. चालवणारा अलगद दाबत असेल तर गिअर लवकर चढवायचा, रेटत असेल तर ताणून धरायचा. सून सासूचा स्वभाव ओळखते त्याहून लवकर तो ड्रायव्हरचा पाय ओळखतो, आणि सुनेपेक्षा निमूटपणे त्याप्रमाणे वागतो.

या डब्याने सहा वर्षं एकच पाय पाहिला होता. हळूबाईचा. ती पायाखाली अंडं असल्यासारखी दाबायची आणि गाडी त्याच बेताने निघायची. माझी काठी मी सीटच्या पाठीला टेकवून उभी ठेवते. साधी लाकडी काठी, खाली रबरी बूड. आठ महिन्यांत ती गाडीत एकदाही पडली नव्हती.

मग हे साहेब आले. हॉस्पिटलच्या सगळ्या गाड्या त्यांच्या हाताखाली. वय पस्तिशीचं, नीटनेटके, मनाने वाईट नाहीत. आधी ते पार्सलं पोचवणाऱ्या कंपनीत होते आणि तिथे कोणती गाडी किती मिनिटांत परत येते त्यावर सगळं चालायचं. पार्सलाला मान नसते, हे त्यांच्या ध्यानात यायला वेळ लागला. महिन्याच्या तक्त्यात हळूबाईची गाडी तळाला दिसली. एका शुक्रवारी त्यांनी ती स्वतः चालवून बघितली. दाबली, तर गाडी विचार करत बसली. पुन्हा दाबली, तर सावकाश निघाली. उतरून त्यांनी लिहिलं, "इंजिन मंद. दुरुस्ती आवश्यक." आणि हळूबाईला बोलावून सांगितलं, "शनिवारी गॅरेजमध्ये टाका. सोमवारी मी बरोबर येतो. पंचेचाळीस मिनिटं. नाहीतर गाडी दुसऱ्याकडे देऊ, लॉन्ड्रीत जागा आहेच."

हॉस्पिटलच्या गाड्या ज्या गॅरेजमध्ये जातात ते तिच्या धाकट्या दिराचं. आणि इथेच घोटाळा झाला. परका मेकॅनिक असता तर त्याने तेल बदलून, काच पुसून गाडी परत दिली असती. दिराला वहिनीची काळजी.

रविवारी गाडी हॉस्पिटलच्या आवारात कुलपात होती. सोमवारी सव्वाआठला चावी हातात पडली, तिने इंजिन सुरू केलं आणि इंजिन उभ्या जागी वर-खाली गुरगुरायला लागलं. आवारातच तिने दहा पावलं गाडी पुढे घेतली. पहिल्यावरून दुसरा गिअर पडला तो मागून कुणीतरी ढकलल्यासारखा. तिने दिराला फोन लावला. पुढचं संभाषण मला दोघांनी वेगवेगळं सांगितलं, पण शब्दाला शब्द जुळला, त्यामुळे ते खरं असणार.

"भावजी, काय केलंत तुम्ही गाडीला?"

"बघितलंत ना? म्हटलं वहिनीची परीक्षा आहे. नवरीसारखी करून दिली."

"नवरीसारखीच आहे. कुणाला ओळखत नाही."

"हवेची झडप घासून काढली, बॅटरीची तार सोडली, स्कॅनर लावून जुनं शिकलेलं सगळं पुसून टाकलं. फार मंद शिकली होती वहिनी ती. आता कशी मोकळी झाली."

"ते मी शिकवलं होतं."

पलीकडे हातातला पाना खाली ठेवल्याचा आवाज आला.

"आणि मला यांनी," ती म्हणाली. यांनी म्हणजे नवऱ्याने.

"वहिनी," दीर म्हणाला, "मला वाटलं—"

"वाटलं ते संध्याकाळी घरी येऊन सांगा, भावासमोर. आत्ता उपाय सांगा. टेकाडावरच्या काकांच्या मानेत बारा दिवसांपूर्वी स्क्रू बसवलेत."

दिराने सांगितलं ते असं. इंजिन गरम होईपर्यंत गाडी उभी ठेवायची, एसी लावायचा, बंद करायचा, पुन्हा लावायचा. मग सपाट मोकळ्या रस्त्यावर एकाच हलक्या पायाने सगळे गिअर चढू द्यायचे आणि ब्रेक न लावता गाडी आपोआप मंदावू द्यायची. पुन्हा पुन्हा. वीस-पंचवीस वेळा. पाय बदलायचा नाही. "राग आला तरी पायात उतरू देऊ नका, वहिनी. ती तेही शिकेल."

उभं ठेवण्यापुरता वेळ तिच्याकडे होता. मोकळ्या रस्त्यावर न्यायला नव्हता. साहेब पावणेनऊच्या ऐवजी साडेआठलाच आले. तिने त्यांना सांगितलं की गाडीचं शिकलेलं पुसलं गेलंय, परीक्षा उद्या घ्या. साहेबांनी गॅरेजचा कागद पुढे धरला. त्यावर दिराच्याच अक्षरात होतं, "वाहन नव्यासारखे केले आहे."

"नव्यासारखी गाडी नको, असं म्हणणारा ड्रायव्हर मी पहिल्यांदा बघतोय," साहेब म्हणाले आणि पुढे बसले.

तर मी बसले. काठी सीटच्या पाठीला टेकवली. गाडी निघाली आणि पहिल्या वीस पावलांत काठी खाडकन आडवी झाली.

हळूबाईने आरशात पाहिलं. "पडली?"

"पडली."

मी वाकून उचलली. खुब्याला वाकणं मना आहे, पण त्या दिवशी खुब्याला कोण विचारतंय. पुन्हा उभी केली. दुसऱ्यावरून तिसऱ्यावर जाताना पुन्हा आडवी.

"पडली," तिने विचारायच्या आत मी सांगितलं.

माझ्या घरापासून सरळ गेलं की टेकाडाचा रस्ता लागतो. वस्तीत शिरताना चढ, चढावर दोन गतिरोधक, वर अरुंद वळण. हळूबाई चौकात आली, क्षणभर थांबली आणि तिने गाडी वळवली गोदामांच्या रस्त्याकडे. हा रस्ता रुंद आणि सपाट, दोन्ही बाजूंना पत्र्याची गोदामं, सकाळी नऊला चिटपाखरू नाही.

"इकडे कुठे?" साहेबांनी विचारलं.

"शिकवायला."

"कोणाला?"

"गाडीला, साहेब."

"बाई, घड्याळ चालू आहे. मी ते थांबवणार नाही."

"नका थांबवू."

तिने गाडी गोदामांच्या एका टोकाला नेली आणि सुरुवात केली. हलका पाय, पहिला गिअर, दुसरा, तिसरा, चौथा. मग पाय उचलून गाडी आपोआप हळू होत जायची. पूर्ण थांबायच्या बेतात पुन्हा तोच पाय. दुसऱ्या टोकापर्यंत असं तीनदा, की एक फेरी. पहिल्या फेरीत काठी चार वेळा पडली. माझा उजवा हात तिच्याजवळ तयारच होता, पण मी तिला धरत नव्हते. धरली असती तर काही कळलं नसतं.

"पडली?"

"पडली. दुसऱ्यावर जाताना."

"तिसऱ्यावर?"

"तिसऱ्यावर हलली. पडली नाही."

साहेबांनी मागे वळून पाहिलं. "हे काय चाललंय? काठीवरून गाडी तपासताय?"

"तुमच्याकडे काही दुसरं यंत्र असेल तर काढा," मी म्हटलं. "माझ्याकडे हेच आहे."

दुसरी फेरी. तिसरी. नऊ वाजून बारा मिनिटं. हळूबाईची मान ताठ, दोन्ही हात स्टिअरिंगवर, पाठीवर ब्लाउज घामाने चिकटलेला. एसी चालू होता, मला तर गार वाटत होतं. साहेब कागदावर काहीतरी लिहायचे, खोडायचे. एकदा म्हणाले, "बाई, मी तुमचं वाईट व्हावं म्हणून आलो नाहीये. तुम्ही सरळ रस्त्याने गेला असतात तर आत्ता वर पोचला असतात."

"पोचले असते," ती म्हणाली.

"मग?"

"मग काका गाडीत बसले असते, साहेब."

तेवढ्यात तिचा फोन वाजला. टेकाडावरच्या काकांची बायको. फोन मी घेतला, हळूबाईचे हात मोकळे नव्हते. पलीकडे बाई रडकुंडीला आल्या होत्या. हे नऊ वाजल्यापासून दारात खुर्चीवर बसलेत, पट्टा लावून बसवलंय, आता परत आडवं करू का? डॉक्टर सव्वादहापर्यंतच भेटणार, मग ते ऑपरेशनला आत जातात, नंतर एकदम पंधरा दिवसांनी. साधी टॅक्सी बोलवू का?

मी हळूबाईला सगळं सांगितलं. टॅक्सीचं म्हटल्यावर ती पहिल्यांदा दचकली. "नको म्हणा. टॅक्सीत त्यांना वाकून शिरावं लागेल. सांगा, येते."

"कधी येते म्हणून सांगू?"

तिने चौथी फेरी सुरू केली. आता दोन घड्याळं चालू होती, एक साहेबांच्या हातातलं आणि एक डॉक्टरांचं. साहेबांच्या घड्याळापुढे हरली तर तिची गाडी जाणार होती. डॉक्टरांच्या घड्याळापुढे हरली तर काकांना पंधरा दिवस टाके आणि पट्टा घेऊन बसायचं होतं. आणि गाडी कच्ची ठेवून निघाली तर चढावरच्या एका धक्क्यात काय होईल, हे कोणी मोठ्याने बोललं नाही.

"निघूया," साहेब म्हणाले. त्यांचा आवाज बदलला होता. "रुग्णासाठी तरी निघूया."

"पडली?" हळूबाईने मला विचारलं.

"एकदा. दुसऱ्यावर."

"अजून नाही, साहेब."

पाचव्या फेरीत काठी डुलली, रबरी बूड जागचं सरकलं, पण ती उभी राहिली. सहाव्या फेरीत मात्र परत खाडकन पडली, आणि मला त्या काठीची अशी चीड आली की खिडकीतून भिरकावून द्यावी. हळूबाईने ओठ घट्ट मिटले. मला वाटलं, आता ही रागाने दाबणार. तिचा पाय मला मागून दिसत नव्हता. गाडी मात्र तशीच निघाली, मघासारखीच, तंतोतंत. दिराचं तिने ऐकलं होतं. का नवऱ्याचं, कोण जाणे. आठ महिने "पुन्हा" ऐकलेला माणूस सातव्यांदा "पुन्हा" म्हणायला कंटाळत नाही.

सातवी फेरी. पहिला. दुसरा. मी काठीकडे बघत होते. तिसरा. चौथा. गाडी मंदावली. पुन्हा पहिला, दुसरा.

"पडली नाही," साहेब म्हणाले.

मी वर पाहिलं. साहेब सीटवर अर्धे मागे वळून, हात पाठीवर टाकून, माझ्या काठीकडे बघत होते. कागद पायाशी पडले होते.

"आणखी एकदा," हळूबाई म्हणाली.

आठवी फेरी पार पडली, काठी उभी. नऊ वाजून पंचवीस मिनिटांनी तिने गाडी टेकाडाकडे वळवली. पंचेचाळीसातली पाच उरली होती, आणि त्या पाचांचा आता काही उपयोग नव्हता. ते आम्हा तिघांनाही ठाऊक होतं.

टेकाडावर काका दारातच होते, मानेला कडक पट्टा, चेहरा कागदासारखा. बायकोने मागून डोकं धरलं होतं. हळूबाई आणि साहेब, दोघांनी मिळून त्यांना उचलून आत बसवलं. साहेबांनी असं काम आधी केलं नसावं. काकांचा खांदा कुठे धरायचा हे त्यांनी हळूबाईला दोनदा विचारलं. काकांनी डोळे मिटले आणि बायकोला म्हणाले, "पोचलो की सांग." ते बोलणं मला अजिबात आवडलं नाही. माणूस सहन करायला बसला की असं बोलतो.

उतार आला. उतारावर पाय उचलला की संगणक गिअर खाली टाकतो, आणि ते फेऱ्यांत कुठे झालं होतं? सपाट रस्त्यावर उतार कोण शिकवणार. हळूबाईच्याही तेच मनात आलं असावं. तिने आरशात पाहिलं नाही, विचारलंही नाही. पहिला गतिरोधक. तिने गाडी जवळजवळ उभी केली आणि एकेक चाक वरून उतरवलं. दुसरा गतिरोधक. काठी डुलली. साहेबांनी हात पुढे केला, पण तिला धरलं नाही, बोटभर अंतरावर हात तसाच ठेवला. खालच्या वळणावर गिअर उतरला. मला कळलं. एक हलकीशी ओढ, झोप लागताना पाय घसरल्यासारखं वाटतं तशी. काठी सीटच्या पाठीवरून दोन बोटं सरकली आणि थांबली.

काकांच्या बायकोने काकांकडे पाहिलं. काकांचे डोळे मिटलेलेच होते.

पुढे रस्ता सपाट होता. मागून हॉर्न वाजत होते, लोक बाजूने पुढे जाताना आत डोकावून बघत होते. एका मोटारसायकलवाल्याने हाताने विचारलं, ढकलू का? साहेबांनी काच खाली करून त्याला सांगितलं, "जा ना बाबा आपल्या वाटेने." हे आम्ही सगळ्यांनी ऐकलं.

दहा वाजून तीन मिनिटांनी गाडी हॉस्पिटलच्या छताखाली उभी राहिली. हळूबाईने इंजिन बंद केलं. काका तसेच बसून होते. मिनिटभराने त्यांनी विचारलं, "काय झालं? का थांबलो?"

"पोचलो," बायको म्हणाली.

आतून माणसं चाकांची खुर्ची घेऊन आली आणि काकांना नेलं. सव्वादहाच्या आत. उरलो आम्ही तिघं. साहेबांनी कागद गोळा केले, सरळ केले, पेन काढलं.

"अठ्ठ्याहत्तर मिनिटं, बाई."

"हो."

"पंचेचाळीस सांगितली होती."

"सांगितली होती."

"मला नापास लिहावं लागेल."

"लिहा," हळूबाई म्हणाली. तिने चावी काढून त्यांच्या कागदावर ठेवली. "पण एक ऐका. तिने आत्ता कुठे धरलंय. कच्चं आहे. तीन-चार दिवस एकच पाय पडायला हवा, मग बसेल. दुसरा कोणी आला आणि त्याने रेटली तर सगळी गोंधळून जाईल. अकराला काकांना परत घरी सोडायचंय. त्यांना कळता कामा नये गिअर कधी बदलला. कोणाचा पाय ते तुम्ही ठरवा, साहेब. पण एकच ठेवा. आणि हलका."

एवढं बोलून तिने सीटखालून आपला डबा घेतला आणि ती मागच्या जिन्याकडे चालायला लागली. तो जिना तळघरात जातो. तळघरात लॉन्ड्री. मी साहेबांना चार शब्द सुनावायला तोंड उघडलं होतं आणि मिटलं. काही वेळा माणसाला गप्प राहून जास्त त्रास देता येतो.

साहेब चावीकडे बघत उभे होते. मग ते ड्रायव्हरच्या बाजूला गेले, दार उघडलं, आत बसले. पाय ॲक्सिलरेटरवर ठेवला असावा, कारण खाली बघत होते. इंजिन त्यांनी सुरू केलं नाही. उतरले आणि भरभर, जवळजवळ पळतच, जिन्यापाशी गेले.

"बाई," ते म्हणाले, "दुसरा ड्रायव्हर सकाळी सुट्टीवर आहे."

तो सुट्टीवर नव्हता. मी त्याला आत येताना पाहिलं होतं, चहाच्या यंत्रापाशी.

"मग?" हळूबाई पायरीवरूनच म्हणाली.

"मग अकराला काकांना तुम्ही सोडा. आणि चार दिवस... तुम्ही म्हणालात ना, चार दिवस."

"तीन-चार."

"चार धरू."

त्या कागदावर त्यांनी शेवटी काय लिहिलं ते पुढच्या आठवड्यात मला त्यांच्याच टेबलावर दिसलं. त्यांनी झाकलं नाही, मी नजर वळवली नाही. "वेळ अठ्ठ्याहत्तर मिनिटे. वाटेत वाहनाचे आवश्यक काम करावे लागले. चार दिवस चालक बदलू नये." चार दिवस कधीच संपले. त्याखाली कोणी काही लिहिलेलं नाही. तक्त्यात गाडी अजून तळाला आहे. दिराला बॉनेटखाली फक्त पाणी आणि तेल बघायची परवानगी आहे, आणि तीही भाऊ शेजारी उभा असेल तर.

पण ते पुढचं. त्या वेळी तिने चावी घेतली तीसुद्धा लगेच नाही. आधी पदराला तळहात पुसला. मग येऊन आत बसली, इंजिन सुरू केलं, एसी लावला, बंद केला, पुन्हा लावला. इंजिन एकदा गुरगुरलं आणि शांत झालं. अकरा वाजायला अजून बराच वेळ होता. साहेब गाडीबाहेर हातातलं घड्याळ काढून खिशात घालून उभे होते, आणि मी व्यायामाला उशीर होत असूनही त्यांच्या शेजारी.

"किती वेळ उभी ठेवणार?" त्यांनी काचेतून विचारलं.

"ती सांगेल," हळूबाई म्हणाली.